मागचा आवाज

ब्लीद तीन वर्षांची झाली तेव्हा तार्येई म्हणाला,
"आता हिला ओढायला शिकव,
नाहीतर खाऊन खाऊन पिंप होईल."
बोलला, आणि कॉफीत बघत बसला
जणू दुसरंच कुणी बोललं असावं.

फ्योर्डची घोडी. रंग ओल्या वाळूचा,
पाठीवरून शेपटीपर्यंत एक काळी रेघ,
आयाळीत कडेला पांढरे केस, मधोमध काळे.
पांढरे जरा जास्त कापायचे,
म्हणजे काळे वर उठतात आणि मानेची कमान होते.
पहिल्या वर्षी मी कात्री अशी चालवली
की उंदरांनी कुरतडलेला ब्रश.
ब्लीदला काही वाटलं नाही.
शेजारची गुन्व्होर मात्र रस्त्यात थांबून
पोट धरून हसली.

साज तिनं आठवड्यात मान्य केला.
लांब लगाम धरून मी मागून चालायचे,
दुधाच्या जुन्या ओट्यापर्यंत,
मग फेरीबोटीच्या धक्क्यापर्यंत.
"प्त्रो" म्हटलं की थांबायची,
जिभेनं टक केलं की निघायची.
मी गुन्व्होरला सांगूनही टाकलं, झालं म्हणून.

मग मागे टायर बांधला, तो खडीवर खरखरला
आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं.
डोळ्यांचं पांढरं दिसलं. मागचे पाय पोटाखाली गेले.
जितकं पळावं तितका आवाज मागे पळणार,
आणि तो आवाज तुझाच आहे, बाई,
हे तिला कुठल्या भाषेत सांगायचं?

तार्येईला हे माहीत होतं.
एकोणीस वर्षांपूर्वी, मार्चमध्ये,
हिच्या आजीला, तीराला, त्यानं घाईत जुंपलं होतं.
बर्चचे ओंडके, उतार, काचेसारखा झालेला बर्फ.
एक ओंडका घसरून तिच्या टाचांना लागला.
पुढचं मला फक्त नदीकाठी सापडलेल्या टोपीवरून माहीत आहे
आणि त्याच्या डाव्या पायावरून.
तीराला आम्ही विकलं नाही.
तोही परत कधी तिच्याजवळ गेला नाही.
ती म्हातारी होऊन मेली त्या सकाळी
तो स्वयंपाकघरात रेडिओवर हवामान ऐकत होता,
समुद्रातल्या एकूण एक ठिकाणाचं,
शेवटच्या दीपगृहापर्यंत.

मंगळवारी तबेल्यातून बाहेर आले तर
अंगणात तार्येई. कमरेला दोर, दोराला टायर.
"मी ओढतो. तू तिला माझ्यामागून आण."
मी काहीतरी विचारणार होते.
"पुढे पळणाऱ्याला कोण घाबरतं?" तो म्हणाला,
आणि निघालाच.

तर पुढे लंगडत माझा भाऊ, वय एकसष्ट,
मग टायर, मग ब्लीद, मग मी.
बोटीतून उतरलेल्या एका जर्मन कुटुंबानं गाडी हळू केली.
तार्येईनं टोपी काढून त्यांना नमस्कार केला,
जणू इकडे रोज असंच चालतं.

पहिल्या वळणावर ती टायरपासून दहा हात लांब.
गुन्व्होरच्या टपालपेटीशी पाच.
लाकडी पुलावर आवाज बदलला, पोकळ, धडधडता.
ती थांबली.
तोही थांबला. मागे वळला नाही.
मला त्याचे खांदे तेवढे दिसत होते,
कानांपर्यंत वर आलेले.
खाली नदी. वर डोंगरावर यंदाचा पहिला बर्फ.
मी "प्त्रो" म्हटलं नाही, टकही केलं नाही.
तिनं मान खाली घातली, फळी हुंगली
आणि खूर पुढे टाकला.

चढावर तर ती टायरच्या मागेच लागली.
नाक थेट त्याच्या भोकात, फुर्र, फुर्र.
तार्येई पाय ओढत वेग वाढवायला लागला,
ओरडायला लागला, "आली! आली का? आली!"
त्याचा हा आवाज मी शाळेनंतर ऐकला नव्हता.

घरी पोचलो तोवर पाऊस,
आणि दोराची गाठ भिजून आवळलेली.
मी सुरी आणायला वळले.
"कापू नकोस," तो म्हणाला. "चांगला दोर आहे.
उद्या लागेल."
आणि तसाच उभा राहिला, टायरला बांधलेला,
ब्लीद त्याची टोपी हुंगत होती,
आणि मी गारठलेल्या बोटांनी
गाठीचं टोक शोधत होते.